चार्जिंगचा पंप: दिवा हिरवा, तरी अर्ध्या टाकीत दम टाकतो

लक्षण असं. रात्रभर चार्जिंग झालेलं असतं, चार्जरचा दिवा हिरवा असतो. टाकी भरून पाठीवर घेतली की पहिली पाच-सात मिनिटं फवारा झकास पडतो. मग धार बारीक व्हायला लागते, मोटरचा आवाज उतरतो आणि निम्मी टाकी शिल्लक असतानाच पंप बंद. वैतागून बांधावर ठेवावा, तंबाखू मळून होईपर्यंत थांबावं, तर गडी परत सुरू. पुन्हा तीन मिनिटं. पुन्हा बंद.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, याच दुखण्यावर दोन वर्षांत तीन बॅटऱ्या बदलल्या. भिलवडीजवळ दीड एकर हळद आणि वीस गुंठे बाग. बागेला भाड्याचा ब्लोअर येतो, पण कडेच्या ओळी, हळद, घरामागची भाजी हे सगळं या पाठीवरच्या पंपावर. दर वेळी नवी बॅटरी घातली की पंप महिना-दीड महिना गुण दाखवायचा आणि मग ये रे माझ्या मागल्या. चौथी बॅटरी आणायला निघाले तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. कुपवाडच्या एमआयडीसीत मी मोटरी आणि पॅनेलचंच काम करतो, तरी घरच्या पंपाकडं कधी बघितलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

"आरं, दुकानदारानं मीटर लावून दावलं की. बारा पॉइंट आठ. बॅटरी ठणठणीत हाय म्हणला. मग आता मोटरच गेली म्हणायची," तात्या म्हणाले.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मीटरही खरंच बोलत होता. फक्त तो चुकीच्या वेळी विचारला होता. पंप बंद असताना.

ज्यांच्याकडं ड्रिप आहे त्यांना हे लगेच कळेल. फिल्टरच्या अलीकडं एक गेज आणि पलीकडं एक गेज असतो. फिल्टर चिखलानं बुजलेला असला तरी पुढचे सगळे व्हॉल्व बंद असताना दोन्ही गेज सारखाच दाब दाखवतात, कारण पाणी वाहतच नाही. व्हॉल्व उघडला, पाणी धावायला लागलं, की पलीकडचा काटा धाडकन खाली येतो. फिल्टर किती बुजलाय ते या फरकावरूनच ओळखायचं, आणि तो फरक फक्त वाहत्या पाण्यात दिसतो. विजेचंही तेच. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार, ओम म्हणजे अडथळा. धार नसेल तर अडथळ्याला खायला काही नसतं, म्हणून मीटर शेवटपर्यंत बारा पॉइंट आठ दाखवत राहतो. गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली मांडलेला नियम एवढाच आहे: जेवढे अँपिअर वाहतात त्यांना तिथल्या ओमनं गुणा, तेवढे व्होल्ट त्या जागी हरवतात. शून्य अँपिअरला कितीही ओमनं गुणलं तरी शून्यच.

म्हणून पहिली गोष्ट: टाकीत औषध नको, साधं पाणी घ्या. लान्सचा, म्हणजे फवारायच्या दांडीचा, खटका दाबून धरा किंवा दोरीनं बांधा, कारण फवारा थांबवला की दाबाचा स्विच मोटर बंद करतो आणि मोजण्यासारखं काही उरत नाही. वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर असेल तर तो फुल्ल ठेवा. मध्ये ठेवला तर तो वीज तुकड्यातुकड्यानं सोडतो, मीटर सरासरी दाखवतो आणि आपला हिशेब फसतो. मीटर डीसी २० व्होल्टवर. आणि पाच मिनिटं पंप चालू द्या, मग मोजा. थंड पंप शहाण्यासारखा वागतो.

तात्यांच्या पंपाचे आकडे मी खडूनं भिंतीवर लिहिले होते, ते असे. बॅटरीच्या दोन टोकांवर, पंप बंद असताना १२.८. चालू असताना तिथंच १२.३. मोटरच्या दोन वायरींवर, चालू असताना, १०.१. म्हणजे बॅटरी १२.३ देतेय आणि मोटरला १०.१ मिळतायत. मधले २.२ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय.

कुणी, ते शोधायची रीत फार सोपी आहे आणि तरीही ती कुणी वापरत नाही याचं मला कोडं आहे. पंप चालू ठेवून मीटरची एक पिन स्विचच्या एका टोकाला आणि दुसरी त्याच स्विचच्या दुसऱ्या टोकाला लावायची. बॅटरीला नाही, मोटरला नाही. स्विच चांगला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, ०.१ च्या आत. तात्यांच्या स्विचवर १.४ आले. मग बॅटरीच्या प्लस टोकावर एक पिन आणि त्यावर बसलेल्या क्लिपच्या वायरीवर दुसरी: ०.७. मायनसची सगळी वाट मिळून ०.१. बेरीज करा, २.२. बरोबर. बेरीज जुळली नाही तर समजायचं की कुठला तरी सांधा मोजायचा राहिलाय.

इथं बरेच जण म्हणतात, कशाला एवढं, ओमवर मीटर लावा आणि स्विचचा ओम बघा. लावून बघा. साध्या मीटरच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओम असतो आणि आपण शोधतोय तो चोर तेवढाच आहे. वायर सलग आहे का ते आवाजानं सांगणाऱ्या बीपवर तर अजिबात जाऊ नका. बऱ्याच मीटरांची बीप तीस-चाळीस ओमपर्यंत आनंदानं वाजत राहते. त्या पंपात तीस ओम असते तर मोटर हललीही नसती.

मोटर साडेतीन अँपिअर घेत होती. स्विचवर १.४ व्होल्ट जातायत, म्हणजे १.४ भागिले ३.५, ०.४ ओम. ऐकायला काहीच नाही. पण वाया गेलेली ताकद बघा: १.४ गुणिले ३.५, म्हणजे ४.९ वॅट. मोबाइलचा जुना साधा चार्जर पूर्ण जोर लावून ५ वॅट देतो. तेवढी सगळी उष्णता स्विचच्या आत वीज जोडणाऱ्या हरभऱ्याएवढ्या पितळी टिकलीवर निघत होती. स्विच काढला तेव्हा त्याचं मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं. तात्यांनी नुसतं बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

पंप थांबून परत का सुरू होतो, त्याचं उत्तरही इथंच आहे. टिकली तापते, तापली की तिच्यावरची काजळी आणि ढिली पडलेली स्प्रिंग मिळून अडथळा आणखी वाढवतात, वाढला की आणखी तापते. त्या पंपाच्या रेग्युलेटरला व्होल्ट फार उतरले की बंद व्हायची सोय होती, तो बंद व्हायचा. तंबाखू मळेपर्यंत टिकली निवायची. बॅटरीलाही श्वास मिळायचा. परत तीन मिनिटं.

आणि नवी बॅटरी घातली की महिनाभर का चालायचा? यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं. बॅटरी बदलताना क्लिपा ओढून काढतात, नव्या टोकांवर दाबून बसवतात. त्या ओढाताणीत क्लिपेवरचा थर खरवडला जातो. ०.७ चा चोर महिनाभर गप्प बसायचा, बाकीचा १.४ चा एकटा पुरेसा नसायचा. श्रेय मात्र बॅटरीला. दर वेळी हजाराच्या पुढं मोजून तात्यांनी खरं तर क्लिपा साफ करून घेतल्या होत्या.

आता थोडं विषयांतर, पण उगाच नाही. मी हे सगळं करत असताना शेजारचा एक कॉलेजचा पोरगा पिशवीत सात-आठ बारके सेल घेऊन आला. ई-सिगारेट, वेप म्हणतात ती, तिच्यातले. भारतात २०१९ च्या कायद्यानं या वस्तूंच्या विक्रीपासून साठवणुकीपर्यंत सगळ्यावर बंदी आहे, तरी भंगारात ही नळकांडी सापडतात. त्याला त्या सेलांचा पॅक करून पंपाला लावायचा होता. लिथियम आहेत, फुकटात आहेत, मग का नको?

त्या नळकांड्यात असतं काय? एक लिथियम सेल, एक स्विच आणि एक बारीक तारेची गुंडाळी. बस्स. सेल ३.७ व्होल्टचा, गुंडाळी समजा १.२ ओमची. ३.७ भागिले १.२, म्हणजे तीन अँपिअरच्या आसपास. ताकद साधारण ११ वॅट, आणि ती सगळी उष्णता होऊन त्या तारेवर निघते, कारण तिथं फिरायला मोटर नाही, पेटायला दिवा नाही. भोवतीच्या कापसातला द्रव तापून वाफ होते. गुंडाळीचा ओम कमी केला की अँपिअर वाढतात आणि सेलवर ताण येतो. सगळी कारागिरी एवढ्याच गणितात. दम दोन-चार सेकंदांचा, मग सेलला आराम. बारक्या सेलची क्षमता अर्धा अँपिअर-तास धरली तर तीन अँपिअर सलग काढल्यावर कागदावर दहा मिनिटं होतात आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तोवर सेल तापलेला असतो. पंपाला सलग वीस-वीस मिनिटं चालायचं असतं, आणि बारा व्होल्टसाठी एकामागे एक तीन सेल लावले तर प्रत्येकातून तेच साडेतीन अँपिअर जाणार. शिवाय अशा सुट्या सेलांवर बऱ्याचदा संरक्षणाची पाटी नसते आणि ते किती दिवस कुठल्या उकिरड्यावर रिकामे पडले होते ते देवाला ठाऊक. रिकामा राहिलेला लिथियम सेल परत चार्ज करणं म्हणजे विंचवाशी खेळ. त्याला मी हात जोडून परत पाठवलं.

पण जाताना तो पोरगा बोलला ते मला पटलं. "म्हणजे काका, तात्यांच्या स्विचची कॉइल झालीय." अगदी तेच झालं होतं. त्या नळकांड्यात जे मुद्दाम करतात, वीज अडवून एका जागी तापवायची, ते आमच्या पंपात न सांगता होत होतं. फरक एवढाच की आमची वाफ दिसत नव्हती, प्लॅस्टिकचा वास तेवढा यायचा आणि तो औषधाच्या वासात लपायचा.

दुरुस्ती सांगतो. स्विच बदलायचा, पण घरातल्या बोर्डाचा उचलून नाही. २५० व्होल्ट एसी ६ अँपिअर असं लिहिलेला स्विच बारा व्होल्ट डीसीला आरामात चालेल असं वाटतं. एसीत वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळं स्विच उघडताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीत तसा विसावा नसतो, वर मोटरची गुंडाळी ठिणगीला जोर देते, आणि टिकल्या हळूहळू काळ्या पडतात. ज्यावर डीसीचा आकडा लिहिलाय असा, १० अँपिअरचा गाडीचा स्विच घ्या. गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. क्लिपा नव्या, वायरीच्या टोकाची धातूची टोपी, म्हणजे थिंबल, पकडीनं नीट दाबून; नुसती वायर पिळून वर टेप गुंडाळलेली असेल तर ती आजच काढा. बॅटरीची टोकं पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, क्लिप घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी लावू नका. प्लसच्या वायरीवर बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज नसेल तर तोही घाला.

वायर जाड करा म्हणजे सगळं सुटतं, असा सल्ला देणारे गावोगाव आहेत. हिशेब घालून बघा. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा अडथळा मीटरला साधारण ०.०३४ ओम. जायची एक मीटर, यायची एक मीटर धरली तरी ०.०७. साडेतीन अँपिअरला पाव व्होल्टही जात नाही. पंपाच्या पोटात वायर असतेच किती? वीतभर. चोर वायरीत क्वचित, सांध्यात नेहमी.

एवढं करून मी मोटरवर परत मोजलं: १२.० च्या वर. तात्यांनी तीन टाक्या सलग मारल्या. मी कॉलर ताठ करून सांगलीला गेलो.

दोन महिन्यांनी फोन. "आलं बघ तुझं पाव्हणं परत."

नव्या स्विचवर ०.९. क्लिपेवर हिरवट-निळा थर, बोटाला पूड लागत होती. दोन महिन्यांत? मग जरा लाज वाटली. चोर पकडला होता, पण तो येतो कुठून ते बघितलंच नव्हतं. या पंपांत बॅटरी टाकीच्या खाली, कप्प्यात असते. टाकीच्या तळातून पाणी बाहेर येतं तिथला वायसर चिरला होता. गळती इतकी बारीक की थेंब पडताना दिसत नाही, नुसता ओलावा. आणि पाणी साधं नव्हे. बागेच्या कडेला बोर्डो मारायचे ते याच पंपानं: मोरचूद आणि चुना. कधी गंधक. धातूच्या सांध्यावर वीज वाहत असताना असलं पाणी पडलं की सांधा सडायला वेळ लागत नाही. हिरवा-निळा रंग तांब्याच्या क्षारांचा. बॅटरीच्या टोकावर पांढरी पूड असेल तर बॅटरीचं आम्ल झिरपतंय असं समजायचं आणि मग खरंच बॅटरी बदलायची. टाकीत पाणी भरून, कप्प्यात कोरा कागद घालून पंप रात्रभर ठेवला. सकाळी कागदाचा एक कोपरा ओला. दहा-वीस रुपयांचा वायसर.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांचे पंप पाण्याखाली होते त्यांनी तर हे सगळं सांध्यासांध्याला तपासावं. वरून वाळलेला पंप आतून अजून सडत असू शकतो.

मोजल्यावर वाटेत काहीच हरवत नसेल, पण बॅटरीच्या टोकांवरच चालू पंपात १२.८ चे १०.९ होत असतील, तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. अडथळा तिथंही असतो. शिशाची बॅटरी रिकामी करून पावसाळाभर कोपऱ्यात टाकली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, बॅटरी चार्ज होते तेवढी दिसते, पण ओझं पडलं की बसते. वापर नसला तरी महिन्याला एकदा चार्ज करायची, एवढाच त्यावर उपाय. धरलेले खडे घालवायच्या पावडरी आणि मंत्र मिळतात. मी कुठलाही यशस्वी झालेला बघितलेला नाही.

लिथियमचा पॅक बसवलेल्यांचं दुखणं वेगळं दिसतं. तिथं धार बारीक होत नाही, पंप एकदम, बटण दाबल्यासारखा बंद होतो. ३.७ व्होल्टचे सेल, तीन एकामागे एक, पूर्ण भरल्यावर ४.२ प्रमाणे १२.६. पंप बंद असताना तिन्ही सेल सारखे दिसतात. चालू असताना प्रत्येक सेल वेगळा मोजा: दोन ३.९ वर आणि तिसरा २.७ वर असं काहीतरी निघेल. बीएमएसची पाटी प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते आणि एक जरी फार खाली गेला तर सगळ्यांची वीज तोडते. तोडली की ओझं गेलं, सेल परत वर येतो, आणि मालक म्हणतो बीएमएस बिघडली. मग कुणीतरी तिला बाजूला करून थेट जोडणी करून देतो. हे करू नका. ती राखण करतेय. सेल बदला, आणि एकटा नव्हे, एकाच जातीचे, एकाच वयाचे तिन्ही. आणि शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर त्या पॅकला लावू नका. तो १४ च्या वर जातो आणि पॅकला १२.६ च्या पुढं काही नको असतं.

मोटर स्वतः दोषी असेल तर ती जास्त अँपिअर ओढते. मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात पिन घालून, प्लसची वायर तोडून मध्ये मीटर जोडा. बॅटरीच्या दोन टोकांवर थेट कधीच नाही, फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर. साडेतीनच्या जागी पाच-सहा दिसले तर पंपाचं तोंड उघडा, वाळलेलं औषध अडकलेलं असतं.

तात्यांच्या जुन्या तीन बॅटऱ्या शेडात रांगेनं ठेवल्या होत्या, भंगारवाल्याची वाट बघत. चार्ज करून, गाडीचा बल्ब लावून, त्याच्या ओझ्याखाली एकेक मोजली. पहिली गेलेली. उरलेल्या दोन चांगल्या निघाल्या. एक आता गोठ्यातला दिवा चालवते. दुसरीचं काय करायचं ते तात्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. त्या बॅटऱ्यांचा विषय निघाला की ते उठून वैरणीकडं जातात.